फाटकप्रश्नी घातलेले लक्ष

जगातले प्रश्न सुटू लागले तर शिकवायचे काय, ही काळजी कोणत्याही जबाबदार विद्यापीठाने वेळीच केली पाहिजे. एका विद्यापीठाने ती केली. त्यासाठी त्याने आंतरराष्ट्रीय व्यवहार विद्यालय नावाची तीन मजली इमारत बांधली आणि तिच्यात प्रश्न व प्राध्यापक अशा दोघांनाही उन्हापावसापासून सुरक्षित ठेवले. स्थापनेपासून आजतागायत जगातला एकही प्रश्न या विद्यालयाच्या हलगर्जीपणामुळे सुटलेला नाही. (दोन प्रश्न मध्यंतरी आपले आपणच सुटले. तेव्हा अभ्यासक्रम भर सत्रात बदलावा लागला आणि विद्यार्थ्यांचे अतोनात नुकसान झाले. संबंधित देशांना विद्यालयाने अजून माफ केलेले नाही.)

विद्यालयात प्रवेश मिळणे सोपे नाही. प्रवेशपरीक्षेत उमेदवाराला एका अडून बसलेल्या प्रश्नाची लांबलचक हकीकत वाचायला देतात. ती त्याने जागचे न हलता, अधूनमधून मान डोलावत, जमल्यास गालातल्या गालात हसत, शेवटपर्यंत वाचायची, एवढीच अपेक्षा असते. उत्तर लिहायचे नसते. मागे एक हुशार मुलगी वाचता वाचता मध्येच उठली आणि खोलीच्या कोपऱ्यात ठिबकणारा नळ घट्ट बंद करून परत येऊन बसली. परीक्षकांनी तिला तिथल्या तिथे नापास केले. मुलगी गुणी होती, पण तिचा कल या विषयाकडे नव्हता.

अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी लक्ष वेधणे, दुसऱ्या वर्षी लक्ष देणे आणि तिसऱ्या वर्षी लक्ष ठेवणे. यांतले लक्ष ठेवणे सर्वांत कठीण. लक्ष वेधणाऱ्याला निदान बोट तरी दाखवावे लागते, देणाऱ्याला मान वळवावी लागते. ठेवणाऱ्याला मात्र काहीच करायचे नसते, आणि काहीच न करणे वर्षानुवर्षे नेटाने करत राहायला फार मोठी शिस्त लागते. भाषेत लक्ष घालणे असाही एक प्रकार आहे, पण तो अभ्यासक्रमात नाही. लक्ष घालायचे म्हणजे खुर्चीवरून उठावे लागते, आणि विद्यालयातल्या खुर्च्या फार चांगल्या आहेत.

या विद्यालयात 'तटस्थतेचा इतिहास आणि सराव' हा विषय शिकवणारे एक प्राध्यापक होते. विद्यार्थी त्यांना तटस्थराव म्हणत. पुढे पुढे घरचेही म्हणू लागले. माणूस अतिशय सज्जन. चहा घेणार की कॉफी, असे विचारले तर दोन्ही पेयांचा मान राखून ते पाणी घेत. लग्न ठरताना मुलगी पसंत आहे का, असे सासऱ्यांनी विचारले, तेव्हा "बोलणी अत्यंत सौहार्दाच्या वातावरणात पार पडली," असे उत्तर त्यांनी दिले होते. सासरे हा किस्सा अजून सांगतात, आणि सांगताना हसत नाहीत. बायकोला मात्र ते उत्तर त्या वेळी गोड वाटले होते. ती औषधांच्या दुकानात काम करते. तिथे येणाऱ्याला गोळी हवी असते, भूमिका नको असते; त्यामुळे विचारले की लगेच उत्तर द्यायची तिला सवय. दोघांना सात वर्षांची एक मुलगी. तिचे शाळेतले नाव चांगले भारदस्त होते, पण सगळे तिला बबडी म्हणत.

बबडीची शाळा विद्यालयाच्या अगदी पाठीला पाठ लावून होती. मधे फक्त एक भिंत, आणि त्या भिंतीत एक लाकडी फाटक. तटस्थरावांचे घर विद्यालयाच्या बाजूच्या गल्लीत. फाटक उघडे असते तर बबडी घरून निघून, विद्यालयाचे आवार ओलांडून, बुटाची नाडी सुटायच्या आत शाळेत पोचली असती. पण फाटकाला कुलूप होते.

कुलपाचा इतिहास विद्यालयात दुसऱ्या सत्रात शिकवतात. पूर्वी एकदा शाळेतल्या मुलांचा रबरी चेंडू भिंतीवरून विद्यालयात आला आणि परदेशी पाहुण्यांच्या चहात पडला. तेव्हाच्या संचालकांनी तेव्हाच्या मुख्याध्यापिकांकडे निषेध नोंदवला. मुख्याध्यापिकांनी चेंडू परत मागितला. संचालकांनी आधी खेद मागितला. खेदही आला नाही आणि चेंडूही गेला नाही, आणि वातावरण निवळेपर्यंत फाटक तात्पुरते बंद करण्यात आले. ते संचालक आणि त्या मुख्याध्यापिका दोघेही पुढे निवृत्त झाले, एकमेकांच्या शेजारच्या इमारतीत राहायला गेले आणि रोज बरोबर फिरायला जाऊ लागले, पण कुलूप तात्पुरते असल्यामुळे ते काढायची वेळ कुणावरच आली नाही. किल्ली कुणाकडे आहे, यावर दोन्ही बाजूंची स्पष्ट भूमिका आहे: ती दुसऱ्याकडे आहे. चेंडू विद्यालयाच्या दर्शनी कपाटात काचेमागे ठेवलेला असून त्याखाली 'वादग्रस्त वस्तू' अशी पट्टी आहे.

परिणामी गल्लीतल्या सगळ्या मुलांना मोठ्या रस्त्याने वळसा घालून शाळेत जावे लागे. त्या रस्त्यावर नाक्याचे वळण होते, आणि सिमेंटच्या मालमोटारी ते वळण असे घेत की जणू वळणच त्यांच्या आड आले आहे.

एके दिवशी बबडी शाळेतून आली ती एक चपटी वस्तू हातात घेऊन.

"आई, बघ! माझी बाटली पापड झाली!"

ती तिची पाण्याची बाटली होती. वळणावर हातातून निसटली, घरंगळली आणि मालमोटारीच्या चाकाखाली गेली. बबडी ती उचलायला वाकणार होती, पण शेजारच्या आजोबांनी तिची वेणी धरून तिला मागे ओढले. बबडीची तक्रार एवढीच होती की आजोबांनी वेणी फार जोरात ओढली.

बायकोने बाटली हातात घेतली. तिने बाटली धुतली, पुसली आणि जेवणाच्या टेबलावर, तटस्थरावांच्या ताटासमोर येईल अशी भिंतीला टेकवून ठेवली. तटस्थरावांना त्या दिवशी जेवण गेले नाही. त्यांना मुलीची फार काळजी वाटली, आणि काळजी वाटली की ती व्यक्त करायची असते हे त्यांना विद्यालयाने शिकवले होते.

"मी तीव्र चिंता व्यक्त करतो," ते म्हणाले.

"करा," बायको म्हणाली. "आणि व्यक्त करून झाली की ते फाटक उघडा."

"अगं, फाटकाच्या प्रश्नावर विद्यालय डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवून आहे."

"मग त्यातलं थोडं तेल कुलपात घाला."

हा दृष्टिकोन विद्यालयात यापूर्वी कुणी मांडला नव्हता. तटस्थरावांनी त्याची मनोमन नोंद घेतली आणि भात कालवून ठेवून दिला.

विद्यालय फाटकाबाबत काहीच करत नव्हते, असे म्हणणे मात्र घोर अन्यायाचे होईल. सीमाप्रश्न इतका हाताशी असल्याचे भाग्य किती विद्यालयांना लाभते? इतर ठिकाणचे विद्यार्थी सीमा बघायला विमानाने जातात. इथे त्यांना जिना उतरला की सीमा मिळे. गेल्या काही वर्षांत पार पडलेल्या उपक्रमांतले ठळक असे: 'फाटक: अडथळा की संधी?' या विषयावर चर्चासत्र. (निष्कर्ष: दोन्ही.) फाटकापर्यंत क्षेत्रभेट. (विद्यार्थ्यांना येण्याजाण्याला फारसा वेळ लागला नाही, पण अहवालाला पूर्ण सत्र लागले.) 'किल्ली: एक पुनर्विचार' हा शोधप्रबंध, ज्याबद्दल एका विद्यार्थिनीला पदवी मिळाली, किल्ली मिळाली नाही. आणि दरवर्षीची अभिरूप परिषद.

अभिरूप परिषदेत विद्यार्थी देशांच्या जागी बसतात आणि देशांसारखे वागतात. फाटकाच्या परिषदेत एक गट विद्यालय झाला, एक गट शाळा झाला, आणि कुलपाची बाजू कुणीच मांडत नाही अशी तक्रार आल्यावर एका विद्यार्थ्याला कुलूप करण्यात आले. तो परिषदेचे दोन्ही दिवस तोंड मिटून बसला आणि त्याला उत्कृष्ट प्रतिनिधीचे पारितोषिक मिळाले. परिषदेचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या विद्यार्थिनीला तेव्हापासून सगळे महासचिव म्हणतात. ती आता उपाहारगृहात वडा संपला असला तरी "सर्व संबंधितांनी संयम बाळगावा" असे आवाहन करते.

या साऱ्या कार्याची साक्ष म्हणजे विद्यालयाची मासिक 'उपक्रम-वार्ता'. प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी महिनाभरात काय काय केले ते तिच्यात छापून येते. तिचे संपादन तटस्थरावांकडे होते, कारण कुणाला आधी छापायचे यावरून भांडण झाले की ते सगळ्यांनाच शेवटी छापत. वार्ता सर्व प्राध्यापकांना मिळते. एका पाहणीनुसार त्यांतले शंभर टक्के प्राध्यापक तिच्यात स्वतःचे नाव वाचतात आणि उरलेला मजकूर शून्य टक्के. एका बाजूनेच छापलेली असल्यामुळे उरलेल्या प्रती सामाजिक बांधिलकी म्हणून मागच्या शाळेला चित्रे काढण्यासाठी पाठवल्या जातात. (मोठ्या रस्त्याने.)

त्या महिन्याची वार्ता तटस्थराव घरी जेवणाच्या टेबलावर टंकत होते. समोर बाटली होती. प्राध्यापकांचे परदेश दौरे झाले, विद्यार्थ्यांची वक्तृत्व स्पर्धा झाली, आणि नेहमीची शेवटची ओळ राहिली. ती दर महिन्याला तीच असे: 'फाटकप्रश्नी विद्यालयाने लक्ष ठेवले.' तेवढ्यात बायको दुकानातून आली. तिने पिशवी खाली ठेवली, बाटलीकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले आणि विचारले,

"तुम्ही यात लक्ष घालणार आहात की नाही? एकदा काय ते सांगा."

तटस्थरावांनी वर पाहिले. मग त्यांनी पुन्हा खाली पाहिले आणि ओळ पुरी केली. हात चालत होता, पण कान बायकोकडे होते. वार्ता छापखान्यात गेली तेव्हा तिच्यात ओळ होती: 'फाटकप्रश्नी विद्यालयाने लक्ष घातले.'

विद्यालयात ही चूक कुणाच्याही ध्यानात आली नाही. सगळ्यांना आपापले नाव सापडले होते. पण मागच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना मुले मोठ्या बाई म्हणत, त्या काटकसरी होत्या. मुलांना कागद वाटताना मागची बाजू वाचायची त्यांना सवय होती. त्यांनी ओळ वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. लक्ष ठेवले, असे असते तर त्यांनी कागद पुढे दिला असता. पण त्यांनी जन्मभर मुलांना व्याकरण शिकवले होते, आणि एखाद्याने लक्ष घातले म्हणजे काम झाले, असा त्यांच्या ओळखीच्या सगळ्या माणसांचा अर्थ होता. त्यांनी त्याच दुपारी पालकांना निरोप धाडला: आंतरराष्ट्रीय व्यवहार विद्यालयाने फाटकप्रश्नी लक्ष घातले आहे. सोमवारपासून गल्लीतल्या मुलांनी फाटकातून यावे.

तटस्थराव संध्याकाळी घरी आले तेव्हा दारातच बायको उभी होती. ती हसत होती. तशी ती लग्नाच्या वेळच्या फोटोत हसली होती; नंतर फारसे कारण पडले नव्हते.

"अहो! खरंच लक्ष घातलंत तुम्ही? आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

"म्हणजे... ते... तसं..."

"दुकानात सगळ्या बायका विचारत होत्या. म्हटलं, हो, आमच्याच ह्यांनी केलं."

बबडी तर गल्लीभर फिरून आली होती. "माझ्या बाबाने फाटक उघडलं" ही बातमी तिने घरोघरी पोचवली होती, वेणी ओढणाऱ्या आजोबांनाही. तटस्थराव खुर्चीवर बसले. तो निव्वळ क्रियापदाचा घोटाळा आहे, हे सांगायला त्यांनी तोंड उघडले. पण समोर दोन चेहरे होते आणि दोन्ही एकाच बाजूचे होते. मधोमध उभे राहायला जागाच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची लाज वाटली. ते नुसते पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी विद्यालयात तातडीची बैठक झाली. संचालकबाई अध्यक्षस्थानी होत्या. त्यांच्या शेजारी सीमातज्ज्ञ सर होते. (सीमांवर त्यांचे सात ग्रंथ आहेत. फाटकाला ते अद्याप शिवलेले नाहीत, कारण अभ्यासकाने विषयापासून अंतर राखावे, असे त्यांचे मत आहे.) विद्यार्थ्यांच्या वतीने महासचिव हजर होती.

"हे 'घातले' कुणी घातलं?" संचालकबाईंनी विचारले.

"मी," तटस्थराव म्हणाले. "हात घसरला."

"हात नाही, क्रियापद घसरलंय," सीमातज्ज्ञ म्हणाले. "हात घसरला तर पुसता येतो."

शुद्धिपत्र काढावे, अशी पहिली सूचना आली. ते पुढच्या महिन्याच्या वार्तेत छापून येईल, आणि मोठ्या बाई ते वाचतील तोवर मुले पुढच्या इयत्तेत गेलेली असतील, हे ध्यानात आल्यावर ती मागे पडली. लक्ष घातले हे खरे, पण नेमके कशात घातले ते सांगितलेले नाही, असा एक बारकावा सीमातज्ज्ञांनी काढला. त्यावर महासचिवने 'फाटकप्रश्नी' या शब्दाकडे आदरपूर्वक लक्ष वेधले. (ती पहिल्या वर्षाला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती.) शेवटी सीमातज्ज्ञांनीच तोडगा मांडला. एकदा घातलेले लक्ष काढून घ्यायला कुठल्याही संकेतानुसार बंदी नाही. सैन्य घातले की काढतात, तसे लक्षही टप्प्याटप्प्याने माघारी घेता येईल.

"सोमवारच्या आत?" संचालकबाईंनी विचारले.

"टप्प्याटप्प्याने म्हटलं मी," सीमातज्ज्ञ दुखावल्या स्वरात म्हणाले.

अखेर सर्वानुमते असे ठरले, की सोमवारी सकाळी फाटकाजवळ 'संवादाची दारे' हा छोटेखानी समारंभ करावा. मुले येतील, भाषण ऐकतील, त्यांना प्रश्नाची गुंतागुंत समजेल आणि ती समाधानाने मोठ्या रस्त्याने जातील. प्रत्यक्ष फाटक उघडण्याचा मुद्दा चर्चेला आला नाही. टाळला, असे नव्हे. तो कुणाला सुचला नाही. तटस्थरावांना सुचला होता, पण त्यांनी हात वर करायचा, तो अर्धाच वर केला, आणि ते डास हाकलत आहेत असे वाटून सगळे पुढे गेले.

सोमवार उजाडला. फाटकासमोर पांढरे कापड घातलेले टेबल मांडले होते. त्यावर विद्यालयाचे दोन मानबिंदू दर्शनी कपाटातून आणून ठेवले होते: एक म्हणजे वादग्रस्त चेंडू, आणि दुसरा म्हणजे 'सर्वोत्तम संयम' या गौरवाबद्दल विद्यालयाला मिळालेला भरीव पितळी पृथ्वीगोल, जो उचलताना शिपायाला कण्हावे लागे. प्राध्यापक निरीक्षक म्हणून पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभे होते. विद्यार्थी टिपणे घ्यायला वह्या उघडून बसले होते. आणि फाटकाकडे तोंड करून, दप्तरे पाठीला लावून, गल्लीतली सगळी मुले रांगेत उभी होती. सगळ्यांत पुढे बबडी. हा मान तिने भांडून मिळवला होता. तिचा हात तटस्थरावांच्या हातात होता, आणि मागे पालकांमध्ये बायको उभी होती. दुकानात उशिरा येते असे सांगून आली होती.

संचालकबाईंनी बंद फाटकाला पाठ करून भाषण सुरू केले. "आज संवादाची दारे खुली होत असताना..."

"ऐकू येतंय, पण दिसत काही नाही!" भिंतीपलीकडून मोठ्या बाईंचा आवाज आला. "आधी उघडा, मग बोला!"

गॅलरीत कुजबुज झाली. समोरच्या पक्षाने परिषदेच्या नियमांना सोडून हस्तक्षेप केला होता. संचालकबाईंनी घसा साफ केला आणि प्रश्नाच्या ऐतिहासिक पार्श्वभूमीला हात घातला. त्या चेंडूपर्यंत आल्या असतील नसतील, तोच पलीकडे शाळेची घंटा झाली. रांगेत चुळबूळ सुरू झाली. कुणाची तरी आई म्हणाली, "चला, रस्त्यानेच जाऊ. आता पळायला लागेल." दोन-तीन मुले रांगेतून फुटली आणि नाक्याच्या दिशेने पळू लागली.

बबडीने वर पाहिले.

"बाबा, तू उघडलंयस ना?"

तटस्थरावांनी गॅलरीकडे पाहिले, बायकोकडे पाहिले, नाक्याकडे पळणाऱ्या मुलांकडे पाहिले. मग त्यांनी बबडीचा हात सोडला, दोन्ही हातांनी पृथ्वी उचलली, डोक्यावर घेतली आणि कुलपावर हाणली.

पहिल्या फटक्याला कुलूप जागचे हलले नाही. जगाला मात्र एक पोचा आला.

"अहो, काय करताय!" संचालकबाई ओरडल्या.

"हाणा!" मागून बायको ओरडली.

महासचिवने सर्व संबंधितांना संयम बाळगण्याचे आवाहन करण्यासाठी तोंड उघडले, पण त्यातून भलतेच निघाले. "सर, जरा डावीकडे!" ती किंचाळली.

दुसऱ्या फटक्याला कोयंडाच लाकडातून उपटून आला. कुलूप त्या कोयंड्याला घट्ट धरून तसेच खाली पडले. फाटक इतकी वर्षे बंद राहून कंटाळले होते की काय कोण जाणे, कुणी न ढकलताच करकरत उघडले, आणि पलीकडे मोठ्या बाई हातात घंटेची दोरी घेऊन उभ्या होत्या.

मुले अशी सुटली की टेबल कुणी पाडले ते समजले नाही. नाक्याकडे गेलेली मुले हाक ऐकून अर्ध्यातून परतली. वादग्रस्त वस्तू घरंगळत फाटकातून पलीकडे गेली. मोठ्या बाईंनी ती उचलली, दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "हवा गेलीय. पण चालेल." बबडी उंबऱ्यावर थांबली, मागे वळली आणि तिने बाबाला हात हलवून दाखवला. तटस्थरावांनी हात हलवायचा प्रयत्न केला, पण हातात अजून पृथ्वी होती. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पुसायला त्यांना जग खाली ठेवता येईना.

या प्रसंगाने विद्यालयाच्या लौकिकाला धक्का बसू नये म्हणून सर्व योग्य ती पावले उचलण्यात आली. पुढच्या वार्तेत निवेदन आले: 'कुलूप अद्याप बंद असून त्याबाबत जैसे थे परिस्थिती कायम आहे. फाटक उघडे असल्याचे विद्यालयाच्या निदर्शनास आले असून त्यावर लक्ष ठेवण्यात येत आहे.' ते बंद कुलूप आता चेंडूच्या जागी काचेमागे ठेवले आहे. पोचा नेमका कुणावर आला, याची सीमातज्ज्ञांनी भिंग लावून पाहणी केली. तो सुदैवाने समुद्रात निघाला, त्यामुळे कुठल्याही देशाची तक्रार आली नाही.

तटस्थरावांची चौकशी झाली. भूमिका घेतल्याचा आरोप गंभीर होता. त्यांनी बचावात एवढेच सांगितले, की मी या बाजूने हाणले नाही की त्या बाजूने हाणले नाही, बरोबर मधोमध हाणले. समितीने पडलेला कोयंडा मागवून पाहिला आणि हे म्हणणे मान्य केले. शिक्षा म्हणून त्यांना 'लक्ष घालणे: सिद्धांत आणि मर्यादा' हा नवा विषय शिकवायला देण्यात आला. विषय लोकप्रिय आहे. त्याला प्रात्यक्षिक ठेवलेले नाही, तरी विद्यार्थी तास संपल्यावर गुपचूप जाऊन कुठे कुठे काय काय करून येतात, अशी तक्रार आहे. उपाहारगृहाचा पंखा सुरू झाला तो त्यामुळेच, असा संशय आहे.

त्या सोमवारी बायको संध्याकाळी घरी आली, तिने टेबलावरची चपटी बाटली उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"चहा घेणार की कॉफी?" तिने विचारले.

तटस्थरावांनी बराच विचार केला. कपाळावर घामही आला.

"कॉफी," ते म्हणाले.

हकीकत इथे संपते. वाचकाने ती जागचे न हलता, अधूनमधून मान डोलावत, जमले तिथे गालातल्या गालात हसत, शेवटपर्यंत वाचली, याची विद्यालयाने नोंद घेतली आहे. वाचताना वाचकाला स्वतःच्या जिन्यातला गेलेला दिवा, गल्लीतले उघडे गटार किंवा असेच काहीतरी, ज्यावर तो कित्येक वर्षे लक्ष ठेवून आहे, नक्की आठवले असेल. आणि तरीही तो उठला नाही. अभिनंदन. आपण प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाला आहात. सत्र लवकरच सुरू होत असून आपली खुर्ची राखून ठेवली आहे.